शहाबादी फरशीवरची मांडी

शैलश्री : दरवेळी डावीच हरवते?

गुंडप्पा : डावीच. एक अडत बाजारात गेली, एक बसस्टँडच्या पायरीवर. तिसरी कुठं गळाली ते मला घरी येईस्तोवर कळलंच न्हाई.

नेत्रावती : एका पायात चप्पल आन् एक पाय उघडा. असं आळंदच्या मेन रोडवरून चालत आले तुझे मामा. वर दोन्ही हातांनी भेटेल त्याला शरणु शरणार्थी करत.

गुंडप्पा : अगं शैला, माणूस बारीक झाला की सगळंच सैल होतं. शिंप्यानं शर्ट दोनदा आत घेतले. अंगठीला दोरा गुंडाळलाय, हे बघ. घड्याळ कोपरापर्यंत जायलंय. मग चप्पलच तेवढी कामून घट्ट राहील?

नेत्रावती : मग उजवी कामून सैल होत न्हाई?

गुंडप्पा : माझा उजवा पाय आधीपासून जाड हाय.

नेत्रावती : लग्नाला तीस वर्षं होत आली. उजवा पाय जाड हाय हे मला आज कळायलंय.

गुंडप्पा : म्हणून एक नंबर लहान आणली. मागं पट्टा असलेली.

शैलश्री : ती निघत नाही ना?

गुंडप्पा : निघत न्हाई. पुढं अडकती तेवढी. परवा दुकानाच्या उंबऱ्याला अडकली, तर पोत्यावर जाऊन बसलो. गिऱ्हाइकाला वाटलं, बसायचंच होतं.

शैलश्री : मामा, जरा उठा. दारापर्यंत चालून दाखवा. चप्पल नको.

गुंडप्पा : कलबुर्गीत दिवसभर लोकांचे हातपाय ओढतीस, आज सुटी हाय तर गप बस की. तू तूरडाळ न्यायला आलीस का माझी परीक्षा घ्यायला?

शैलश्री : मामींनी फोनवर तर डाळच सांगितली होती.

नेत्रावती : डाळ बी ने. आधी ह्यांना बघ.

गुंडप्पा : असं हाय व्हय? बघा. हा गेलो दारापर्यंत. हा आलो परत. बास?

शैलश्री : आवाज ऐकलात का? उजवा टेकतो तेव्हा काही नाही. डावा टेकतो तेव्हा फटक्.

नेत्रावती : पंधरा दिवस झाले ऐकायलेय. हे कुठल्या खोलीत हायत ते मला चुलीपाशी बसून कळतंय.

शैलश्री : आणि डावा गुडघा जास्त वर उचलता तुम्ही.

नेत्रावती : ओढ्यातनं चालल्यागत.

गुंडप्पा : ऐट हाय ती. पोट गेल्यावर माणसाची चाल बदलती. दुकानात सगळे म्हणायलेत, शेठ दहा वर्षांनी लहान दिसायले.

शैलश्री : आता टाचांवर चाला. बोटं वर, नुसत्या टाचा खाली.

गुंडप्पा : हा उजवा.

शैलश्री : आणि डावा?

गुंडप्पा : डावा... थांब. झोपलाय तो. मुंग्या आल्यात.

शैलश्री : बसा खुर्चीवर. पाय माझ्या मांडीवर ठेवा. ठेवा हो, मी रोज चाळीस पाय धरते. आता डाव्या पायाचा अंगठा वर करा, तुमच्याकडे ओढून.

गुंडप्पा : केला की.

शैलश्री : तो उजव्याचा होता.

गुंडप्पा : बरं, हा डाव्याचा.

शैलश्री : करा.

गुंडप्पा : करायलोय.

शैलश्री : मामा, तो हलला नाही.

गुंडप्पा : मी तर करायलोय, शैला.

नेत्रावती : आता सांग. लकवा हाय का?

गुंडप्पा : काय बोलायलीस तू?

नेत्रावती : बोलले. चार दिवस तो शब्द तोंडात धरून भाकरी थापायलेय. शेजारचे गुरुपादय्या म्हणाले, बीदरकडं कोणतरी लकव्याचं तेल देतंय, अमावास्येला जावं लागतं. मी म्हणलं, अमावास्या यायची तवा येईल, शैला रविवारी येती.

शैलश्री : मामी, एक मिनिट. मामा, हसा.

गुंडप्पा : आत्ता?

शैलश्री : दात दाखवून. हां. दोन्ही हात समोर धरा. डोळे मिटा. ठीक. कंबर दुखते? खोकलल्यावर पायात कळ जाते?

गुंडप्पा : कंबर एकदम फस्टक्लास. सहा महिन्यांखाली दुखायची, आता न्हाई.

शैलश्री : आता पाय खाली दाबा, माझ्या हातावर. जोरात.

गुंडप्पा : घे.

शैलश्री : बघा, खाली दाबायला ताकद भरपूर आहे. वर उचलायलाच नाही. इथं पावलाच्या वर हात फिरवला तर कळतं?

गुंडप्पा : कळतं. पण मोज्यावरनं फिरवल्यागत.

शैलश्री : आणि तळव्याला?

गुंडप्पा : ए, गुदगुल्या करू नको.

शैलश्री : आता हे बघू.

(शैलश्री त्याच्या डाव्या गुडघ्याच्या किंचित खाली, बाहेरच्या बाजूला, बोटानं टकटक करते.)

गुंडप्पा : हाय हाय. करंट गेला. पार खाली पावलापर्यंत.

शैलश्री : मिळालं. मामी, लकवा नाही. डोक्यात काही झालेलं नाही. एक नस दबली आहे, इथं.

नेत्रावती : गुडघ्यापाशी? पण पाय तर खाली लुळा पडलाय.

शैलश्री : शेताचं पाणी पाटाच्या तोंडाशी अडलं तर कोरडं शेवटचं वावरच राहतं ना, तसं. हात द्या तुमचा. हे हाड लागतं? ह्याच्या मानेला वळसा घालून ही नस पुढं येते. वर फक्त कातडी, आणि मध्ये थोडी चरबी. पाय वर उचलायचं काम हिचं.

नेत्रावती : मग ती दबली कशानं? मार न्हाई, पडणं न्हाई.

शैलश्री : मामा, वजन किती उतरलं?

गुंडप्पा : सव्वीस किलो. पाच महिन्यांत. डॉक्टरनं शुगर सांगितली त्या दिवसापासून साखर बंद, भात बंद.

नेत्रावती : सकाळी अर्धी भाकरी आन् ताक. रात्री काकडी. मी भाकरीला तूप लावून द्यायचे, हे फडक्यानं पुसून खायचे.

शैलश्री : डॉक्टरांनी किती उतरवायला सांगितलं होतं?

गुंडप्पा : दहा. त्यानं दहा सांगितलं, मी सव्वीस करून दाखवलं.

शैलश्री : पोटाची चरबी जाते तेव्हा तेवढीच जात नाही, मामा. ह्या नसेवरची गादीही गेली. पण गादी गेली म्हणून लगेच असं होत नाही. वरून कशाचा तरी दाब पाहिजे. तुम्ही बसता कसे?

गुंडप्पा : दुकानात खुर्चीवर.

शैलश्री : आणि घरी?

नेत्रावती : सांगा की आता.

गुंडप्पा : घरी मांडी घालून. त्यात काय? सगळेच बसतात.

शैलश्री : तुम्ही आधी बसत नव्हता. मला आठवतं, इष्टलिंग पूजेलासुद्धा तुम्ही खुर्ची घ्यायचात.

गुंडप्पा : पोट मध्ये यायचं तर काय करू? लिंग तळहातावर घेऊन खुर्चीवर बसायचं म्हणजे माझं मलाच कसंतरी वाटायचं. दवाखान्यात नंबर लागायची वाट बघायलोय, असं. आमचे अप्पा दोन दोन तास मांडी घालून बसायचे. पापणी हलायची न्हाई. मी वीस वर्षं खुर्चीवर. चार महिन्यांखाली एक दिवस सहज खाली बसलो आन् मांडी जमली. तुला सांगतो शैला, उठावंसंच वाटंना.

नेत्रावती : म्हणून उठलेच न्हाईत. पूजा झाली तरी तिथंच. चहा तिथं, पेपर तिथं, फोनवर तुरीचा भाव तिथं. आलेल्या माणसाला बोलवून दाखवायचे, बघ, मांडी.

शैलश्री : डावा पाय खाली?

गुंडप्पा : डावा खाली, उजवा वर. अप्पांसारखं.

शैलश्री : खाली अंथरता काय?

गुंडप्पा : काही न्हाई. शहाबादी फरशी हाय, गार. अप्पा बी फरशीवरच बसायचे.

नेत्रावती : मामंजी फरशीवर बसत न्हवते.

गुंडप्पा : तुला काय ठाव?

नेत्रावती : कांबळ्याची चौपदरी घडी घालून बसायचे. आन् घडी मीच घालायचे. बसले की ती धोतराच्या घोळाखाली झाकून जायची, उठले की मी लगेच उचलून ठेवायचे. तुम्ही फरशीच बघितली.

शैलश्री : म्हणजे आधी गादी काढून घेतली, मग दगडावर दाबून धरलं. रोज दोन तास.

नेत्रावती : दोन? चार म्हण.

गुंडप्पा : देवाचं करायलो गेलो आन् पाय गेला, असंच ना?

शैलश्री : पाय गेलेला नाही. आणि देवाचा ह्यात काही संबंध नाही, पेपर वाचत बसलात म्हणूनही झालं असतं. आता सांगते ते ऐका. मांडी बंद. पायावर पाय टाकणं बंद. उकिडवं बसणं बंद. मी एक पट्टी देते, ती घातली की पाऊल लोंबणार नाही, चालता येईल. व्यायाम रोज. नसेची एक तपासणी असते, थोडा करंट देऊन करतात, ती कलबुर्गीला करून घेऊ. शुगरनंही नसा नाजूक होतात, तेही डॉक्टर बघतील. आणि आता आणखी वजन उतरवायचं नाही.

नेत्रावती : तूप लावू?

शैलश्री : चमचाभर लावा. पुसू देऊ नका.

गुंडप्पा : आन् पूजा?

शैलश्री : खुर्चीवर. पाय खाली सोडून.

गुंडप्पा : कधीपर्यंत?

शैलश्री : दोन-तीन महिन्यांत बहुतेकांचा पाय परत उचलायला लागतो. काहींना जास्त लागतात.

गुंडप्पा : तीन महिने मला चालत न्हाईत. उद्याचा सोडून पुढच्या सोमवारी गावाकडं जत्रा हाय.

शैलश्री : जा की. पट्टी घालून जा.

नेत्रावती : नुसतं जायचं न्हाई त्यांना. नंदीकोल उचलायचाय.

शैलश्री : मामा?

गुंडप्पा : आपल्या घराण्याचा मान हाय. अप्पांनी उचलला, आज्जांनी उचलला. यंदा मी उचलणार म्हणून पंचांसमोर सांगून आलोय. अख्ख्या आळंदला सांगितलंय. हा सगळा उपास कशाला केला, शुगरसाठी? शुगरसाठी दहा किलो बास होते.

शैलश्री : मी लहानपणी आईबरोबर बघितलाय. तीस फुटी बांबू, वर नंदी, घुंगरं, झेंडे. कमरेच्या पट्ट्यात टेकवून अनवाणी चालायचं. देवळापुढं हात सोडायचे आणि गोल फिरायचं.

गुंडप्पा : आठवतंय की तुला.

शैलश्री : हेही आठवतंय की लोक खेटून उभे असतात आणि पोरं बापाच्या खांद्यावर असतात. ह्या पायानं?

गुंडप्पा : पायाला फडकं बांधीन घट्ट. देवळापर्यंतच तर हाय. तेवढ्यापुरतं तो परमेश्वर सांभाळील.

शैलश्री : मग आत्तापर्यंत कुणी सांभाळला नंदीकोल?

नेत्रावती : सहा वर्षं झाली, माणिकप्पाभावजींनी. ह्यांच्या थोरल्या चुलत्याचा मुलगा. तू तवा हुबळीला शिकायला होतीस, तुला ठाव न्हाई. ते कमरेला बांधतात ना, चामड्याचा पट्टा, तो ह्यांना पुरला न्हाई. भर जत्रेत. दोघांनी दोन्हीकडनं ओढला तरी दोन बोटं कमीच. पंचांपैकी कोणतरी म्हणालं, दुसरा पट्टा जोडा रे. लोक हसले. माणिकप्पाभावजी पुढं आले, पट्टा स्वतःला बांधला आन् उचलून निघाले. त्या दिवसापासून हे त्यांच्याशी बोलत न्हाईत.

गुंडप्पा : तो हसला.

नेत्रावती : ते हसले न्हाईत. मी बाजूला उभी होते. त्यांना हसायला सवड कुठं होती?

गुंडप्पा : मला इचारलं न्हाई त्यानं. गुंडू, उचलू का, एवढं तरी.

नेत्रावती : इचारलं असतं तर तुम्ही व्हय म्हणला असता?

गुंडप्पा : ते निराळं.

शैलश्री : मामा, मी नको म्हणून तुम्ही ऐकणार नाही. मग आपण बघूनच घेऊ. जळमटं काढायचा लांब बांबू आहे ना घरात?

गुंडप्पा : परसात हाय.

शैलश्री : मामी, टॉवेल द्या. मामा, कमरेला घट्ट बांधा. बांबूचं बूड त्याच्यात टेकवा. झाडणीचं टोक वर. अंगणातून एक चक्कर मारा. तुळशीला वळसा घालून या.

गुंडप्पा : झाडणीचा नंदीकोल. शेजारी बघितले तर काय म्हणतील?

नेत्रावती : म्हणतील, दिवाळीची साफसफाई राहिली होती.

गुंडप्पा : बरं. हे निघालो. बघ की, किती सरळ राहिलाय. अप्पांनी शिकवलेलं हाय, नजर टोकावर ठेवायची, पायाकडं बघायचंच न्हाई. पोट नसल्यावर किती सोपं असतं हे. सरक गं शैला. आता वळतो. आता एक हात सोडतो. बघायलाव का दोघी? आता दुसरा...

शैलश्री : मामा, फरशीचा सांधा.

नेत्रावती : अगं आई.

शैलश्री : उठू नका लगेच. गुडघा बघू. हात टेकला होता का?

गुंडप्पा : काही न्हाई झालं. खरचटलं. पाय उचललाच न्हाई गं. मी उचलला होता. मला वाटलं उचललाय.

शैलश्री : तेच सांगत होते.

गुंडप्पा : बांबू कुठं गेला?

नेत्रावती : हा इथं.

गुंडप्पा : इथं म्हणजे कुठं?

नेत्रावती : माझ्या पायापाशी.

गुंडप्पा : लागला?

नेत्रावती : न्हाई. पदराला घासून गेला. झाडणी होती म्हणून. वर पितळेचा नंदी नव्हता.

गुंडप्पा : तू तिथं कामून उभी होतीस?

नेत्रावती : तुम्हाला बघायला. जत्रेत बी तिथंच उभी असते की मी.

शैलश्री : मामा, पाणी घ्या.

गुंडप्पा : नक्को.

शैलश्री : पुढच्या वर्षी उचलाल तुम्ही. मी सराव करून घेईन.

गुंडप्पा : ते पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी. सोमवारी कोण? नंदीकोल उचललाच न्हाई असं एकदा बी झालेलं न्हाई. दुसऱ्या घरात मान गेला तर परत येत न्हाई.

नेत्रावती : कोण ते तुम्हाला ठाव हाय.

गुंडप्पा : पंचांना सांगतो. ते सांगतील त्याला.

नेत्रावती : पंचांकडनं कशाला?

गुंडप्पा : मग तू सांग.

नेत्रावती : मी का म्हणून? मान तुमचा, पाय तुमचा.

गुंडप्पा : सहा वर्षांनी फोन करून हे सांगू? मी बारीक झालो, पट्टा बसला, पण आता पायच उचलंना?

शैलश्री : असंच सांगा. त्यानं कुणी लहान होत नाही.

गुंडप्पा : दे तो फोन. आन् तुम्ही दोघी आत जा.

नेत्रावती : आत चूल न्हाई पेटलेली. हितंच बसतो आम्ही.

गुंडप्पा : ...हॅलो. अण्णा, मी गुंडप्पा. ...व्हय, मीच. ...बरंय सगळं. तुमचं? ...हिकडं बी थंडी पडायलीय. तुरीला शेंगा धरायल्यात म्हणं तुमच्याकडं. ...न्हाई, भावाचं इचारायला न्हाई केला. ...न्हाई, दुकान बंद हाय, रविवार. ...सगळे बरे हायत. शैला आलीय, आक्काची. ...व्हय, तीच, फिजिओथेरपीवाली. ...अण्णा, ते सोमवारचं. माझा डावा पाय. ...तसं काही मोठं न्हाई, नस दबलीय. पाऊल उचलंना. ...न्हाई, मीच म्हणायलोय. मला यंदा जमत न्हाई. तू उचल. ...हां. ...हां. ...बरं. ...मी येईन की. पट्टी घालून येईन. ...ठेवतो.

शैलश्री : काय म्हणाले?

गुंडप्पा : म्हणाला, चार दिवस झाले रोज सकाळी माळावर कोरा बांबू घेऊन सराव करायलाय.

शैलश्री : त्यांना आधीच माहीत होतं?

गुंडप्पा : तेच तर. म्हणाला, तुझा फोन आला नसता तर बांबू माळावरच टाकून दिला असता, कुणाला बोललो नसतो. पण तूच सांगावंस म्हणून थांबलो होतो. यंदा बी न इचारता उचलला, असं मी म्हणू नये म्हून.

शैलश्री : मग तुम्ही काय म्हणालात?

गुंडप्पा : काय म्हणणार? बरं म्हणलो. पण त्याला कळलं कसं? तो गावात, मी आळंदला. मी तर कुणापाशी बोललो न्हाई.

नेत्रावती : तुमचं दोघांचं बोलणं बंद हाय. त्यांच्या घरच्या यल्लम्माक्काचं आन् माझं कुठं बंद हाय?

गुंडप्पा : सहा वर्षं? तुम्ही दोघी जावा सहा वर्षं बोलायलाव?

नेत्रावती : उद्या दोघं जेवायला यायलेत. तुम्हाला सांगायचं तेवढं राहिलं होतं.